बोरटोल्याचा लाल डाग

अंकुरनं नकाशा मोठ्या पडद्यावर टाकला आणि संघमित्राच्या हातातला चहा टेबलावर सांडला. फार नाही, घोटभरच. पण या बाईंचा हात कधी हलत नाही अशी ऑफिसात ख्याती होती, त्यामुळे अंकुरनं आधी चहाकडे, मग तिच्याकडे आणि मग उगाचच छताच्या पंख्याकडे पाहिलं. "गरम होता," ती म्हणाली आणि रुमालानं टेबल पुसत राहिली, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. पडद्यावर हिरव्या-निळ्या रंगाचं जंगल पसरलं होतं आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात एक लाल डाग होता. राजनांदगावच्या पलीकडे, टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या बोरटोला गावाची ती जमीन. तिच्या पोटात लोखंडाचं खनिज आहे असं कधीकाळी कुणाला तरी वाटलं होतं. माणसं यंत्र पाठीवर घेऊन हिंडली होती, त्यांना हा लाल डाग सापडला होता, डागावर चार ठिकाणी खोल ड्रिलिंग झालं होतं, आणि निघाला होता साधा गुलाबी ग्रॅनाइट, ज्याचा कुणी पाटा-वरवंटाही करणार नाही. आता एका नव्या कंपनीला ती जागा हवी होती. घेण्याआधी तिथली जुनी मोजणी आणि जुनं ड्रिलिंग नीट तपासा आणि पुन्हा भोकं पाडण्यात अर्थ आहे का ते सांगा, एवढंच काम होतं. असली कामं संघमित्रानं जन्मभर केली होती. दुसऱ्यांनी घातलेले घोळ निस्तरणं हाच आपला धंदा, असं ती स्वतःच हसून म्हणायची.

"मॅडम, हा डाग पाहून राहिले का?" अंकुर म्हणाला. तो चरोद्याचा, रेल्वेवाल्यांच्या घरातला, चांगला तिशीतला भूगर्भतज्ज्ञ; मराठीत सुरू करायचा आणि वाक्य संपेपर्यंत हिंदीच्या रुळावर जायचा. "ह्याच्या किनारी पाहा. एकदम सीधी. नेचर में इतनी सीधी लाइन कहाँ होती है? ये किसी ने झाड़ के नीचे बैठके भरा है. बीडी पीते-पीते." आणि तो हसला. त्यात वाईट काही नव्हतं. जुनी मोजणी तपासणारे सगळेच असं हसतात, तीही हसत आली होती. बसून भरलेले आकडे तिनं किती पकडले होते. फक्त या वेळी झाडाखाली जो बसला होता, किंवा नव्हता, तो तिचा थोरला भाऊ होता. ते ती बोलली नाही. "बघू," म्हणाली. खाली नेहरूनगरचा रस्ता नेहमीसारखा घरघरत होता, कुणीतरी स्कूटर चालू होत नाही म्हणून तिला लाथा घालत होतं, आणि संघमित्राला वाटलं, आपल्या मानेमागं कुणीतरी येऊन उभं राहिलं आहे आणि तेही नकाशा पाहतं आहे.

तिचा भाऊ धम्मपाल नाकासमोर चालायचा, हे म्हणायची गोष्ट नव्हती, त्याचा तो पेशाच होता. होकायंत्रानं आखलेल्या सरळ रेषेवर चालायचं, काटे असोत, नाला असो. ठरलेल्या पावलांवर थांबायचं, श्वास धरायचा, यंत्राचा आकडा वाचायचा, लिहायचा, पुढं चालायचं. मॅग्नेटोमीटर म्हणतात त्या यंत्राला. जमिनीखालच्या लोखंडाचा त्याला वास लागतो. तेव्हाच्या यंत्राचं ते हुंगणारं नाक पाठीवरच्या चौकटीला, मानेच्या मागंच बांधलेलं असायचं, आणि म्हणून चालणाऱ्याच्या अंगावर लोखंडाचा कण चालत नसे. धम्मपाल पहिल्यांदा कामावर निघाला तेव्हा घरात हसून हसून पुरेवाट झाली होती. पट्टा काढला, पँटला नाडा बांधला. घड्याळ काढलं. चप्पल उलटीपालटी करून खिळे पाहिले. आई रुक्माला तर ती सगळी थट्टाच वाटली. "बाबा, तुमी प्लांटातून आल्यावर माह्याजवळ बसत नका जाऊ," तो म्हणायचा, "तुमच्या अंगातच लोखंड भरलं हाय." बाबा, म्हणजे देवाजी, तेव्हा पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये तपासनीस होते. तयार रुळांवर गेज ठेवायचं आणि केसाएवढा फरक असला तरी रूळ बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. वरून कितीही दम आला तरी त्यांनी वाकडा रूळ सरळ म्हणून जाऊ दिला नव्हता, आणि हे ते दारू प्यायलेल्या माणसासारखं पुन्हा पुन्हा सांगत, जरी दारूच्या थेंबालाही शिवलेले नव्हते. मुलगाही मोजणारा निघाला याचं त्यांना इतकं कौतुक होतं की सेक्टरातल्या विहारात दर रविवारी वंदना झाल्यावर ते कुणाला ना कुणाला तरी धरून मॅग्नेटोमीटर समजावून सांगत. समोरचा जांभया देई. त्यांच्या ते गावीही नसे.

आणि मग बोरटोला. थंडीत मोजणी झाली, लाल डाग सापडला, तेव्हाच्या कंपनीच्या साहेबांनी धम्मपालच्या पाठीवर थाप मारली. ड्रिलिंगची मशीन चढवली. पहिलं भोक कोरडं गेलं, दुसरं गेलं, चौथंही गेलं. तेव्हा साहेबांनी उन्हाळ्यात दुसरा माणूस पाठवून त्याच रेषा पुन्हा चालवल्या. त्याला काहीच सापडलं नाही. डाग नव्हताच. मग जे व्हायचं तेच झालं. पोरानं मेहनत चुकवली, तळावर बसून आकडे ठोकले, सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली, असा ठपका बसला. धम्मपालला काढून टाकलं. देवाजी हट्टानं त्या ऑफिसात गेले, यंत्र खराब असेल म्हणाले. साहेबांनी यंत्र आणून त्यांच्यासमोर तपासून दाखवलं. यंत्र चोख होतं. ज्या माणसानं आयुष्यभर गेजवर विश्वास ठेवला, त्यानं याही वेळी गेजवरच ठेवला. घरी येऊन ते म्हणाले, "माणूस उपाशी राह्यला तरी चालते. मोजमाप खोटं नाही पायजे." धम्मपाल दारात उभा होता. "बाबा, मले दिसलं तेच म्या लिहिलं." देवाजी आत निघून गेले आणि त्यानंतर त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. त्यांना वाटलं असेल, चार महिन्यांत येईल ताळ्यावर, कबूल करील, मग बोलू. धम्मपाल रसमड्याला एका कारखान्यात ठेक्यावर लागला. पावसाळ्यात ताप आला, तो डोक्यात गेला, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत तो गेला. संघमित्रा तेव्हा कॉलेजात होती. तिला आठवतं ते हे, की दवाखान्याच्या व्हरांड्यात बाप सारखा उठत होता आणि सारखा बसत होता. मुलगा आत शुद्धीवर होता तोवर बापाला वाटलं उद्या बोलू. उद्या मुलगा शुद्धीवर नव्हता.

कुरुदच्या घरात, आई-बाबांसोबत जेवताना, तिच्या तोंडून बोरटोला निसटलं. निसटायला नको होतं. सगळा जन्म या घरानं तो शब्द टाळला होता. बोरं आणली तरी 'ती फळं' म्हणायचे. देवाजींचा घास हातातच राहिला. आता ते ऐंशीच्या घरात होते, कानानं कमी ऐकत, पण हे त्यांना बरोबर ऐकू आलं. "तेच बोरटोलं?" "तेच, बाबा." रुक्मानं भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटात ठेवला, उचलला नाही. मग देवाजी म्हणाले, "तू तपासून राहिली, नाही का? मंग पाह्य. तो खोटा होता का, ते पाह्य. मले मरायच्या अगोदर समजलं पायजे. खोटा असंल त खोटा सांग. पण माह्यं मन राखाले काही सांगशीन नको." ती हो म्हणाली. त्या दिवसापासून ती ऑफिसातून आली की ते अंगणातल्या खुर्चीतून नुसतं वर पाहायचे, विचारायचे नाहीत, आणि तिला ते विचारण्याहून जड जायचं. नोकरीतलं काम अंगावर घेऊन घरी यायचं नाही, हा तिचा नियम होता. आता काम घरातच बसून तिची वाट पाहत होतं.

ड्रिलिंगमधून निघालेले दगड रसमड्याच्या एका शेडमध्ये ठेवले होते. दगड म्हणजे मनगटाएवढे जाड, लांबट, गुळगुळीत दांडे. त्यांना कोअर म्हणतात, आणि ते पेट्यांत ओळीनं निजवलेले असतात, वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत. पेट्यांवर धूळ इतकी की अंकुरला शिंका आवरेनात. संघमित्रानं एक दांडा उचलला आणि त्यावरून ओला कपडा फिरवला. गुलाबी दाणे चमकले. तिनं लहानसं लोहचुंबक दोरीला टांगून त्याच्याजवळ नेलं. ते ढिम्म लटकत राहिलं. दुसरी पेटी, तिसरी, शेवटची. कुठंही चुंबक इकडचं तिकडं झालं नाही. शेजारच्या कारखान्यात पत्रा कापायचा आवाज सुरू होता आणि मधूनच थांबायचा. तो थांबला की तिला शेडच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पावलं मोजत चालल्यासारखं वाटायचं, एका लयीत, थांबून, श्वास धरून. ती तिकडे पाहायची नाही. भुताखेतावर तिचा विश्वास नव्हता. तिच्या घरात देवाजींनी गंडा, ताईत, लिंबू-मिरची काही म्हणता काही शिरू दिलं नव्हतं. पण विश्वास नसून भीती वाटते तेव्हा माणसाला आधार तरी कशाचा घ्यायचा, हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. भावाच्या जुन्या आकड्यांकडे ती रोज तासन्‌तास पाही. आकडे खोटे असते तर खोट्याला एक कळा असते, ती तिला ओळखता येत होती. बसून भरणारा माणूस आळशी असतो, तेच तेच आकडे फिरवतो. हे आकडे आळशी नव्हते. नाल्यात उतरताना ते थोडे घसरले होते, चढताना वर आले होते. हा माणूस चालला होता. चालला होता, तर जमीन का खोटी बोलली? आणि जमीन खोटी बोलत नाही, मग? तिचा जीव नुसता टांगणीला लागला. शेवटी तिनं कंपनीला कळवलं, की डागावरच्या त्याच रेषा एकदा पुन्हा चालल्याशिवाय मी मत देणार नाही. अंकुर म्हणाला, "मी चलतो ना मॅडम, तुम्ही कायले?" ती म्हणाली, "मीच चालीन."

रुक्मानं नुसतं विचारलं, "जंगलात लय थंडी असंल?" आणि निघायच्या आदल्या दिवशी तिचं जाडं जाकीट उन्हात घालून, झटकून, घडी करून पिशवीत भरलं. पन्नाशीकडे झुकलेल्या मुलीची पिशवी आईनं भरावी याचं संघमित्राला हसू आलं आणि बरंही वाटलं. लग्न तिनं केलं नव्हतं. का केलं नाही, तर कुणी विचारलं की ती म्हणायची, राहून गेलं. खरं म्हणजे धम्मपाल गेल्यावर त्या घरातून एक माणूस आणखी कमी करायचा धीर तिला झाला नाही.

बोरटोल्याला सकाळी धुकं होतं. तिनं खालच्या तळावर अंगावरचं सगळं लोखंड उतरवलं, नियमाप्रमाणे, डोळ्यांत तेल घालून: घड्याळ, किल्ल्या, फोन, केसांतल्या पिना, बूट मुद्दाम खिळे नसलेले आणले होते, जाकिटाची चेन प्लास्टिकची होती ती तिनं चुंबक लावून पाहिली. मग यंत्राची चौकट पाठीवर चढवली. आता यंत्रं हलकी झाली आहेत, आकडे आपले आपण नोंदवतात, पण त्यांचं नाक अजूनही मानेमागंच असतं. ती चालू लागली. तेंदूची वाळकी पानं पायाखाली मोडत होती, श्वासाची वाफ पुढं पुढं जात होती. मोकळ्या रानात एकट्यानं चालताना माणसाला आपल्याच पावलांचा प्रतिध्वनी येतो, एवढं तिला ठाऊक होतं. तरी दुसऱ्या रेषेवर तिनं मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. पण कुणी नव्हतं हे तिला खरं वाटलं नाही. धम्मपाल लहानपणी शाळेत जाताना असाच तिच्या मागून चालायचा, पुढं चालायला लाजायचा, लहान बहिणीचं दप्तर हातात आहे हे मित्रांना दिसू नये म्हणून. तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोठ्यानं रडावंसं वाटलं, आणि ती रडली, चालत चालत, कारण रेषेवर थांबता येत नाही.

परत आली तर अंकुर संगणकासमोर उभाच होता. "मॅडम, लाल आया!" त्याचा आवाज चिरकला. "तिथंच. वही जगह. म्हणजे तो खरा होता यार. वो आदमी सच बोल रहा था." संघमित्रानं पडद्यावर पाहिलं. तिच्या भावाचा डाग जिवंत होऊन समोर उभा होता. तिला क्षणभर असा आनंद झाला की आनंदच आहे हे ओळखू येईना. बाबांना फोन करावा. नाही, समोर बसून सांगावं. मग तिच्यातली तपासणारी बाई जागी झाली. चार भोकांतला तो गुलाबी दगड कुठं गेला? एकदा आलेला आकडा हा आकडा नसतो, पुन्हा आला तर आकडा. ऊन चांगलं वर आलं होतं. तिनं जाकीट काढून तेंदूच्या फांदीला अडकवलं आणि त्याच रेषांवर, त्याच पावलांवर पुन्हा चालली. या खेपेला मागं कुणी चालत नव्हतं. सगळं रान नुसतं रान होतं. ती परत आली तेव्हा अंकुरनं काही न बोलता पडदा तिच्याकडे वळवला. सगळं हिरवं. डाग गेला होता. सकाळी होता, आता नव्हता. कसा कोण जाणे, पण तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की तो आला होता आणि गेला. आणि असं मनात आलं याची तिला लाज वाटली नाही.

मग ती पाणी प्यायला झाडाखाली गेली. यंत्र अजून पाठीवर होतं. फांदीवरच्या जाकिटाला पाठ करून ती वाकली आणि यंत्रानं आकडा बदलल्याची बारीक टीक केली. ती सरळ झाली. पुढं सरकली, आकडा खाली. मागं सरकली, आकडा वर. तिनं चौकट उतरवून खाली ठेवली, जाकीट हातात घेतलं आणि कॉलर चाचपली. मागच्या बाजूला, अगदी मध्यावर, काहीतरी टणक होतं. दातांनी शिवण उसवली. आत जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला, घोड्याच्या नालेचा तुकडा होता. काळा, झिजलेला, चांगला बोटभर. कोणी शिवला हे विचारायचं कारण नव्हतं. ते उलट्या हाताचे, जवळजवळ, घट्ट टाके तिनं लहानपणापासून अंगावर घातले होते. पवनीकडच्या खेड्यात रुक्माचं माहेर. रानात जाणाऱ्याच्या अंगावर नालेचं लोखंड असलं की बाहेरचं वारं लागत नाही, असं तिकडच्या बायका मानत. दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ केल्या, देव पेटीत बांधून नदीला दिले, पण पोराच्या जिवाची भीती कुठल्या नदीला देणार? नवऱ्याला कळलं तर घर डोक्यावर घेईल, म्हणून कॉलरीत, आतल्या बाजूनं, कुणाला दिसू नये असं. संघमित्रानं तुकडा तळहातावर तोलला. तेव्हाही थंडीच होती. धम्मपालला मायनं शिवलेलं हिरवं जाकीट होतं. सकाळी घालायचा, ऊन चढलं की काढायचा. त्या कोपऱ्यातल्या रेषा त्यानं सकाळच्या गारठ्यात गाठल्या, त्या लाल; बाकीच्या ऊन चढल्यावर, त्या हिरव्या. सरळ किनारी त्याच्या रेषांच्या होत्या, जमिनीच्या नव्हत्या. तेव्हाच्या कंपनीनं चार भोकं पाडली होती ती जमिनीत नव्हे, पौषातल्या गारठलेल्या सकाळींत पाडली होती. आणि उन्हाळ्यात आलेल्या दुसऱ्या माणसाला काय सापडणार, त्याच्या अंगात जाकीटच नव्हतं.

"काय मिला मॅडम?" अंकुरनं विचारलं. "लोखंड होतं माझ्या अंगावर," ती म्हणाली. "पहिल्या माणसाच्याही असणार. भोकं नका पाडू म्हणून लिहू." अंकुर हळहळला, मग हसला, मग तिचा चेहरा पाहून यंत्र आवरायला लागला. अहवालाला एवढं एक वाक्य पुरेसं होतं. कंपनीला जाकीट कुणाचं आणि टाके कुणाचे यात काडीचा रस नव्हता. परतीच्या वाटेवर, राजनांदगाव मागं पडून दुर्गचे धुरकट दिवे दिसू लागेपर्यंत, ती एकच गोष्ट घोळवत राहिली. बापाला सांगायचं की पोरगा खरा होता. बाप विचारील, मग दुसऱ्याला कसं नाही दिसलं. आणि त्याचं उत्तर चुलीपाशी बसलेलं आहे. पोराचं नाव धुऊन काढायचं तर पाणी आईच्या डोक्यावरून ओतावं लागणार. पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या बाईला हे कळून ती कशी झोपेल, कशी जेवेल, आरशात भांग कसा पाडेल? तिनं ठरवलं, यंत्र खराब होतं म्हणून सांगायचं. ठरवून तिला हलकं वाटलं. आपण खोटं चांगलं बोलतो असा तिचा समज होता. कधी बोलून पाहिलं नव्हतं म्हणून.

देवाजी अंगणात खुर्चीवर होते, गुडघ्यांवर शाल. दिवेलागण नुकतीच झाली होती. स्वयंपाकघरात स्टोव्ह फुरफुरत होता. संघमित्रा त्यांच्यासमोर स्टुलावर बसली आणि त्यांच्या बऱ्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, तो खोटा नव्हता. चालला होता तो. एकेक आकडा त्यानं चालून घेतला."

देवाजींनी डोळे मिटले, उघडले. "मंग दुसऱ्याले कावून नाही दिसलं?"

"मशीन खराब होती."

"मशीन म्या पाह्यली होती," ते म्हणाले. "माह्यासमोर तपासली." आणि मग फार हळू, न रागावता, "तुले म्हणलं होतं संघा, मन राखाले सांगू नको. म्हणजे तो खोटाच होता. तू माणुसकीनं झाकून राहिली." त्यांनी मान फिरवली. संघमित्राला दिसलं की आपल्या त्या भल्या थापेनं आपण भावाला दुसऱ्यांदा काढून टाकलं आहे, आणि या वेळी कायमचं. तिनं पर्समध्ये हात घातला आणि नालेचा तुकडा बापाच्या शालीवर ठेवला.

त्यांनी तो उचलला. आयुष्य लोखंडात गेलेल्या बोटांनी उलटा-सुलटा केला. "कुठं होता?"

"कॉलरमदी. माह्या जाकिटाच्या. मानेजवळ." पुढचं बोलायची गरज नव्हती. मॅग्नेटोमीटर विहारातल्या माणसांना समजावून सांगणारा हा म्हातारा. त्याचा चेहरा पाहता पाहता तिला कळलं की तो आता मनानं त्या जुन्या हिवाळ्यात गेला आहे, कामावर निघालेल्या पोराच्या अंगावरचं हिरवं जाकीट पाहतो आहे, आणि त्या जाकिटाची कॉलर पाहतो आहे.

रुक्मा चहा घेऊन बाहेर आली. नवऱ्याच्या हातात काय आहे ते पाहून तिचे पाय दारातच थांबले. "म्याच शिवला," ती घाईघाईनं म्हणाली. "मले बोला काय बोलाचं ते. तुमाले नाही पटत, मले माहीत हाय. पण माह्या जिवाले राहवत नाही. धम्माच्याबी जाकिटात शिवला होता. लहान होता तो तुकडा, अर्ध्या बोटाचा. म्हणून पुरला नाही. त्याले रानातलं वारं लागलंच. रोज मनात येते, मोठा शिवला असता त पोरगं वाचलं असतं. म्हणून संघाले मोठा शिवला." तिनं चहा स्टुलाशेजारी ठेवला आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "काय झालं? धम्माचं काही निघालं का तिथं?"

संघमित्रानं बापाकडे पाहिलं. ज्यानं केसाएवढा वाकडा रूळ कधी पुढं जाऊ दिला नव्हता, तो माणूस खुर्चीत बसून बायकोकडे पाहत होता. त्याच्या मुठीत नालेचा तुकडा मिटला होता.

"निघालं," देवाजी म्हणाले. "पोरगं खरं होतं. मशीनच खराब होती."

रुक्मा खाली जमिनीवरच बसली. पदर तोंडाशी धरला, पण रडू आलं नाही. आलं ते दुसरंच काहीतरी, इतक्या वर्षांचं, आणि तिनं नवऱ्यापुढं कधी न चढवलेला आवाज चढवला. "म्हणजे तो खरा होता. माह्यं लेकरू खरं होतं, अन तुमी त्याच्याशी बोलले नाही. दारात उभं राहून सांगत होता तुमाले. मरेपर्यंत नाही बोलले. दवाखान्यातबी नाही बोलले. म्या वाढून देलं तर तो विचारे, बाबा जेवले का. अन तुमी मशीनवर भरवसा ठेवला, त्याच्यावर नाही ठेवला. खराब मशीनवर ठेवला. कसे तुमी बाप, सांगा ना मले. आता कावून गप बसले?"

शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी हळू केला. एक शब्द पुरेसा होता. मुठीतला तुकडा उघडून दाखवला असता तरी पुरेसं होतं. रुक्मा तिथल्या तिथं गप झाली असती, जन्मभरासाठी. देवाजींनी मूठ शालीखाली नेली.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले.